ओटीतले चौदा हजार

मधुकरराव स्वभावाने वाईट नव्हते, असं आमच्या खानदानात आजही सगळे सांगतात. मी सांगत नाही. ते माझे सख्खे काका होते, त्यांच्या घरी राहून मी शिकले, त्यांच्या घरचं मीठ खाल्लं, सगळं कबूल. तरी शामलाकाकूचा विषय निघाला की माझं डोकं तापतं. लोक म्हणतात, 'जाऊ दे गोपिका, जुनं झालं.' जुनं झालं म्हणजे काय, बरोबर झालं?

शामलाकाकू मधुकरकाकांची बायको. नागपूरला हनुमाननगरात तीन खोल्यांचं भाड्याचं घर होतं, त्यात दोघं राहायचे. मूलबाळ नव्हतं. काका एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. आमचं घराणं काटोलकडचं, पाटलाचं. पाटीलकी कधीच गेली होती, वतन गेलं होतं, गावातल्या घराच्या छपरावरची अर्धी कवेलूही गेली होती. काकांची अकड मात्र शाबूत होती. बाजारातून भाजीची पिशवी आणायची झाली तरी ती काकू आणणार, हे मागून मोकळ्या हातानं येणार.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा चौऱ्याहत्तर साल होतं. घरात शिरल्या शिरल्या मला जे दिसलं ते म्हणजे बाजेवर पसरलेली स्वच्छ लुगडी आणि त्यांवर वाळत घातलेले सरगुंडे. आमच्याकडे लग्नाकार्यात आणि उन्हाळ्यात आमरसासोबत खायला सरगुंडे लागतात. बन्सी गव्हाचा बारीक रवा भिजवायचा, कुटून कुटून तो चिवट करायचा, त्याची दोऱ्यासारखी वळी काढायची आणि बारीक काडीवर फिरवून काडी अलगद ओढून घ्यायची. दुसऱ्या बाया दिवसभर बसल्या तर एक ताट होतं. काकूच्या हाताखाली बाज भरायची. शेवया, कुरडया, पापड हे वेगळंच. गहू ती इतवारीच्या बाजारातून स्वतः बघून, दाताखाली फोडून आणायची. एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात माणसं दाराला वाळ्याचे पडदे लावून आत पडून असतात, तेव्हा ही बाई डोक्यावर ओला पदर घेऊन अंगणात वाळवण उलटत असायची. तिच्या हाताच्या बोटांची पेरं कायमची सुजलेली होती.

हे सगळं काकू विकायची. पण 'विकायची' हा शब्द त्या घरात उच्चारायचा नाही, असा काकांचा हुकूम होता. पाटलाच्या घरची बाई पैसे घेऊन खायच्या वस्तू देते, हे त्यांना चालणार नव्हतं. वस्तू चालत होत्या. पैसे तर फारच चालत होते. घरातला पंखा त्या पैशांतून आला, काकांची सायकल जाऊन लुना आली तीही त्यातूनच. फक्त शब्द चालत नव्हता.

मग यावर, मी येण्याच्या खूप आधीच, धरमपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईनं शक्कल काढली होती. ती मागच्या दारानं यायची. काकू तिला हळदीकुंकू लावायची, ती काकूची ओटी भरायची. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, आणि तांदळाच्या खाली नोटा. जाताना काकू तिला सरगुंड्यांचा डबा 'कौतुकानं' द्यायची. झालं! विक्री नाही, खरेदी नाही, दोन सुवासिनींचा मानपान. बघता बघता सगळ्या गिऱ्हाईक बायांनी हीच रीत उचलली. रामदासपेठेतून यायच्या, सिव्हिल लाइन्समधून यायच्या. उन्हाळ्यात आमच्या मागच्या दारी इतक्या ओट्या भरल्या जायच्या की नवीन माणसाला वाटावं, इथे एखादं देवीचं ठाणं आहे.

काका तेव्हा समोरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांना काही माहीत नव्हतं असं कोणी समजू नका. त्यांना सगळं माहीत होतं.

काकूनं त्यातले वाचवून वाचवून बँकेत ठेवायला सुरुवात केली. खातं तिच्या नावाचं, पण बँकेतल्या बाबूनं 'मिस्टरांचं नाव घालून टाका, बरं असतं' म्हटलं आणि तिनं घातलं. दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल अशी सोय. मुदतीच्या ठेवीत जमत जमत तिचे चौदा हजार झाले. त्या काळी चौदा हजारांत शहराबाहेर वाडीला रस्त्यालगत दोन खोल्या येत होत्या, आणि काकूला त्याच घ्यायच्या होत्या. एका खोलीत वाळवण, एका खोलीत चूल, आणि रस्त्याकडे तोंड असलेलं दार. हे स्वप्न तिनं मला कुजबुजत सांगितलं होतं, जणू काही पाप करायचं ठरवलंय.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात काकांना आयकराच्या ऑफिसातून बोलावणं आलं. काकांनी त्यांच्या वाट्याची शेती विकली होती, तिचे तीस हजार बँकेत होते. त्याचं व्याज ते दरसाल दाखवत होते. साहेबानं चौकशी केली तेव्हा त्याला काकूच्या नावची ठेवही दिसली, आणि त्यानं विचारलं की बायको तर नोकरी करत नाही, मग हे पैसे कुणाचे? काका आपल्या गावाकडचे वकील रुपराव यांना घेऊन गेले. रुपरावांचं नागपुरातच सदर भागात छोटं ऑफिस होतं, करांचीच कामं करायचे. माणूस तोंडाचा फाटका पण मनाचा सरळ.

दुपारी दोघं परत आले ते भांडतच. काकूनं चहा पुढे केला तसे रुपराव तिलाच म्हणाले, "वहिनी, तुमच्या नवऱ्यानं आज सरकारले सातशे रुपये फुकटात देऊन टाकले. तीन सालाचा कर."

"काहून जी?" काकू घाबरली.

"साहेब विचारून राहिला, बायकोच्या नावचे पैसे कुठून आले? मी याले कोपर मारून राहिलो, सांग गा खरं. अन् हा म्हणते, मीच दिले."

"मंग काय सांगू?" काका उसळले. "आमच्या घरची बाई शेवया विकते, असं सांगू? सरकारी कागदावर लिहून देऊ?"

"लिहून देलं असतं त कर लागला नसता!" रुपरावांनी कप आदळला. मग काकूकडे वळून नीट समजावून सांगितलं. ते मी दारात उभी राहून ऐकलं आणि अजून पाठ आहे. "पाहा वहिनी. व्याजावरचा कर, तो पैसा कोणाचा आहे ते पाहून लागते. तुमच्या मेहनतीचा असन त व्याज तुमचं. अन् तुमचं सालभराचं सगळं मिळून इतकं थोडं आहे का तुम्हाले करच लागत नाई. पण नवऱ्यानं बायकोले पैसे दिले असन, त त्याचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. कायदाच आहे तसा. आता बँकेच्या व्याजाले तीन हजारापर्यंत सूट आहे. थे सूट मधुकरच्या शेतीच्या पैशातच खतम झाली. तुमचं व्याज वर चढलं, अन् त्या सगळ्यावर कर बसला."

काकूनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "म्हणजे यायनं खरं सांगतलं असतं त एक पैसा लागला नसता?"

"एक पैसा नाई."

काका म्हणाले, "इज्जतीचे सातशे रुपये जास्त नाई होत." आणि चहा प्यायले. त्या चहाची साखरसुद्धा काकूच्या पैशांची होती.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते. बायकांच्या मेहनतीवर पुरुषांनी आपलं नाव घालणं यात नवीन काही नाही. पण काकांना त्या भरलेल्या करात एक वेगळीच गंमत सापडली. उन्हाळा लागता लागता माझा मोठा भाऊ बळीराम गावाहून आला. त्याला वाडीच्या एका माणसाचा जुना ट्रक घ्यायचा होता. अमरावती रोडवरच्या गोदामांतून माल उचलायचा, पैसाच पैसा, असं त्याचं चाललं होतं. मला माझा भाऊ ठाऊक होता. त्यानं आधी दुधाचा धंदा बुडवला होता, मग पिठाची चक्की. काका त्याचं ऐकत होते आणि मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "मे महिन्यात शामलाच्या नावची ठेव मोकळी होते. चौदा हजार. थे घेऊन टाक."

काकू पोळ्या करत होती. तिचा लाटणं धरलेला हात थांबला. "माह्या पैशाचं बोलून राहिले का तुम्ही?"

"तुह्ये कसे वं?" काका शांतपणे म्हणाले. "कर कोणं भरला? मी भरला. सरकारनं लिहून घेतलं, पैसे मधुकररावाचे. आता तू काय सरकारपेक्षा मोठी झाली?"

स्वतःचे तीस हजार होते ना त्यांच्याकडे! त्या पैशांना हात लावायचा नव्हता. ते वडिलोपार्जित. बायकोनं बोटं सुजवून जमवलेले मात्र पुतण्याच्या ट्रकला. आणि बळीराम, माझा सख्खा भाऊ, 'काकू, तुह्ये उपकार राहतीन' म्हणत हसत होता. त्याच्या ताटात मी वाढायला उठले नाही.

दुसऱ्या दिवशी काकू मला घेऊन सदरला रुपरावांकडे गेली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती काकांना न सांगता एवढ्या लांब निघाली होती. रुपरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब माणूस चांगला आहे. त्याच्यासमोर मधुकरनं जाऊन खरं सांगतलं, त कागद सुधरू शकते. नाई त तुमच्या गिऱ्हाईक बाया सांगतीन का आम्ही हिच्यापासून माल घेतला, पैसे देले?"

काकूचा चेहरा उजळला. "कायले नाई सांगणार? इतक्या सालांच्या ओळखी आहेत."

आम्ही दोघी भर उन्हात त्या इतक्या सालांच्या ओळखी शोधत फिरलो. डॉक्टरीणबाई, जिनं ही ओटीची शक्कल काढली होती, तिनं सरबत दिलं आणि खाली मान घालून सांगितलं, "शामलाबाई, मी घरी सांगते सरगुंडे मीच केले. सासूबाई चार लोकांत माझं कौतुक करतात. आता कसं म्हणू?" दुसरी म्हणाली, आमच्या ह्यांना आयकराचं नाव काढलेलं चालत नाही. तिसरीनं तर कमालच केली. बंगल्याच्या फाटकापाशीच थांबवलं, आतून खण-नारळ आणला, घाईघाईनं काकूची ओटी भरली आणि फाटक लावून घेतलं. त्या तांदळाखाली नोट नव्हती.

म्हणजे कुणीच काही विकलं नव्हतं आणि कुणीच काही घेतलं नव्हतं. नागपूरभर जेवणावळी झाल्या, लोकांनी बोटं चाटली, आणि ते सरगुंडे आभाळातून पडले होते! मी रस्त्यात रडकुंडीला आले. काकू रडली नाही. ओटीतला नारळ तिनं रिक्षावाल्याला देऊन टाकला.

त्या संध्याकाळी तिनं काकांना विचारलं. एकदाच, आणि माझ्यासमोर. "तुम्ही एकडाव साहेबापाशी जाऊन खरं सांगा. मले दुसरं काही नाई पायजे. तुमचे सातशे बी वापस भेटतीन."

काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ओटीत आलेल्या पैशाले कमाई म्हणत नाईत. ओटी काहून भरतेत, माईत आहे न तुले? एवढ्या भरल्या, एक तरी फळली काय?"

हे वाक्य मी माफ केलेलं नाही. काका गेले तेव्हा त्यांच्या तेराव्याला मी घासभर जेवले तेही हे वाक्य गिळूनच. सोळा वर्षं त्या बाईनं लोकांच्या घरची ओटी पदरात घेतली. दर वेळी कुणीतरी 'पोटी मूल येऊ दे' म्हणत तांदूळ टाकायचं, आणि ती मान खाली घालून नोटा चाचपायची. तिला हसू येत होतं की रडू, हे या माणसानं कधी बघितलं का? नाही. त्याला पंखा पाहिजे होता.

काकू उठली, आत गेली. मला वाटलं आता ती मोडली. थोड्या वेळानं मी बघायला गेले तर ती दिवा लावून सरगुंड्यांचा पत्र्याचा डबा उपसत होती. तळातून तिनं ठेवीची पावती काढली आणि माझ्या हातात दिली. "वाच बरं, कोणत्या तारखेले मोकळी होते?"

त्यानंतर ती आणखी एकदा रुपरावांकडे गेली. या वेळी तिचा आवाजच वेगळा होता. "भाऊजी, ज्याच्या व्याजाले करच लागत नाई, असं कुठं ठेवता येते?"

"पोस्टात," रुपराव म्हणाले. "सात सालाची सर्टिफिकेटं भेटतात. व्याज बँकेपेक्षा कमी आहे, पण त्यावर कर नाई. मधुकरले तीन साल झाले मी हेच सांगून राहिलो, त्याले बँकेचे दहा टक्के दिसतात."

"अन् कर नाई, त थ्या व्याजाचा मालक कोण म्हणून विचारायले कोणी येईन काय?"

रुपरावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मोठ्यानं हसले. "कोणी नाई येत वहिनी. सरकारले जिथं काही घ्यायचं नाई, तिथं ते कायले विचारते?"

"मंग मले कमी व्याज चालते," काकू म्हणाली. "अन् नाव एकटीचं टाकता येते न?"

ठेव मोकळी व्हायच्या दिवशी काका कचेरीत गेल्या गेल्या आम्ही निघालो. बँकेतला बाबू तोच होता. पावती उलटीपालटी करून म्हणाला, "मधुकररावांना पाठवा न बाई, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"दोघांपैकी कोणीबी काढू शकते, असं लिहून आहे न?"

"आहे, पण मधुकररावांना कचेरीत एक फोन करून घेतो..."

इथे माझा संयम सुटला. मी तेव्हा बी.एड. करत होते, तोंड चालायचं. मी म्हणाले, "तिच्या जागी काका आले असते तर काकूला विचारायला फोन केला असता का?" मागे रांगेत कुणीतरी हसलं. बाबूनं चरफडत पावतीच्या मागे काकूची सही घेतली. ती सही करायला तिला बराच वेळ लागला, कारण तिचं बोट वळत नव्हतं. नोटा हातात आल्यावर तिनं त्यातून व्याजाच्या नोटा वेगळ्या काढून कमरेला खोचल्या आणि उरलेले चौदा हजार छातीशी धरून पोस्टात नेले.

पोस्टातल्या माणसानं अर्ज भरताना विचारलं, "काय करता?" आणि उत्तराची वाट न बघता लिहायला लागला, गृहिणी. काकू म्हणाली, "थांबा. सरगुंडे विकतो आम्ही." घाबरली की ती 'आम्ही' म्हणायची. मग आमच्याकडच्या बायांच्या बोलीत स्वतःच सुधारलं, "मी विकतो." त्यानं खोडून तसं लिहिलं. पुढे पंच्याऐंशी साली त्या सर्टिफिकेटांच्या पैशांतून तिनं वाडीला एकच खोली घेतली, कारण तोवर भाव चढले होते. पण दार रस्त्याकडेच होतं.

त्या दिवशी मला वाटलं होतं, आता ही घरी जाऊन गप्प बसेल. काका ओरडतील, चार दिवस जेवणार नाहीत आणि सगळं थंड होईल. मी काकूला तोवर पुरती ओळखत नव्हते.

संध्याकाळी बळीराम आला. सोबत ट्रकचा मालक आणि त्याचा एक दलाल, दोघंही वाडीचे. पेढ्यांचा पुडा आणला होता. काका नुकतेच कचेरीतून येऊन धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून समोरच्या खोलीत बसले होते. पाहुण्यांसमोर त्यांचा आवाज नेहमीच एक पट्टी वर चढायचा. "शामला, ठेवीची पावती आण बरं. उद्या सकाळीच मोकळं करून देतो यायले."

काकू बाहेर आली ती हातात सूप घेऊन. सुपात खण होता, नारळ होता, तांदूळ होते. आधी काकांना वाटलं, ट्रक घेतोय म्हणून पूजेचं काही आहे. ते कौतुकानं हसलेसुद्धा. काकू त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्यांच्या मांडीवर पसरला, आणि सगळ्यांच्या देखत काकांच्या ओटीत खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ टाकले.

"अवं, हे काय करून राहिली तू?" काका कसनुसे झाले. दलाल भिंतीकडे बघायला लागला.

काकूनं कमरेच्या नोटांतून काही मोजून काढल्या आणि तांदळाखाली सारल्या. "तुमचे सातशे. माह्या व्याजावर तुम्ही भरलेला कर. घ्या. आता माह्या पैशात तुमचा एक पैसा नाई."

"पावती कुठं आहे?"

"मोडली. पैसे पोस्टात आहेत, सात सालासाठी. माह्या एकटीच्या नावानं."

काकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. उठायला गेले तर मांडीवर नारळ. ओटी सांडायची नसते, हे त्यांच्याच आईनं त्यांच्यासमोर शंभरदा सांगितलेलं. ते तसेच अर्धवट उठून परत बसले. "बळीरामसमोर तू मले... ह्या लोकायसमोर..."

"त्यायले काही सांगू नका," काकू म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. "बायकोनं पैसे देले म्हणून कोणाले सांगू नका. इज्जत जाते. मानाची ओटी भरली म्हणा. मी सोळा साल तसंच म्हणली."

मग ती आत निघून गेली आणि पाहुण्यांसाठी चहा ठेवला. चहा प्यायला कोणी थांबलं नाही. बळीराम जाताना पेढ्यांचा पुडा उचलून घेऊन गेला, इतका त्याला राग आला होता. मला तो 'घरभेदी' म्हणाला आणि पुढची तीन वर्षं राखी बांधून घेतली नाही. घेऊ नको म्हणावं.

काका बराच वेळ तसेच बसून होते, दुपट्ट्याची चार टोकं हातात धरून. मी दिवा लावायला गेले तेव्हा नारळ आणि खण बाजूला काढून ठेवलेले होते, तांदूळ ताटलीत होते. नोटा काकांच्या खिशात होत्या. त्या त्यांनी परत केल्या नाहीत. हेही मी खानदानात दर वेळी सांगते, आणि दर वेळी कुणीतरी विषय बदलतं.

दोन दिवसांनी रविवार आला. सकाळी मागच्या दाराची कडी वाजली. धरमपेठेतल्या त्याच डॉक्टरीणबाई, हातात पिशवी, पिशवीत खण-नारळ, चेहऱ्यावर काही घडलंच नाही असा भाव. मुलीचं लग्न ठरलं होतं, सरगुंडे हवे होते. काकूनं दार अर्धवटच उघडलं.

"समोरून या," ती म्हणाली.

"अहो, पण समोर मधुकरराव..."

"आहेत न. या समोरून."

बाई घराला वळसा घालून समोरच्या दारानं आल्या. काका पेपर वाचत बसले होते. काकू आतून डबा घेऊन बाहेर आली आणि काकांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. बाईंनी सवयीनं कुंकवाची पुडी काढली, खण काढला, आणि काकूच्या पदराची वाट बघत राहिल्या. काकूनं पदर कमरेला खोचलेला होता.

"खण राहू द्या तुमच्यापाशी," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "किलोले बारा रुपये होतात. हातात द्या."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पेपर आणखी वर घेतला. मग बाईंनी पर्स उघडली.